एन-६०० की नुसता पासपोर्ट? मुलांच्या अमेरिकन नागरिकत्वाच्या दोन सेवांचा आढावा

यूएससीआयएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या नागरिकत्व व इमिग्रेशन खात्याकडे, एन-६०० अर्ज ऑनलाइन भरला तर फी १,३३५ डॉलर, कागदी भरला तर १,३८५ डॉलर. हा १ एप्रिल २०२४ पासूनचा दर आहे. दोन मुलं असतील तर दुप्पट. एवढे पैसे मोजून हातात येतं ते मुलाच्या नावाचं सर्टिफिकेट ऑफ सिटिझनशिप. नागरिकत्व त्यातून मिळत नाही. ते मुलाला आधीच मिळालेलं असतं आणि त्याला एक पैसाही लागत नाही. आई किंवा बाबा शपथ घेऊन नागरिक झाले की त्यानंतर बहुतेक घरांत गोंधळ होतो तो नेमका इथे. त्यामुळे ही सेवा घ्यावी का, की १३५ डॉलरचा पासपोर्ट पुरे, हे ठरवण्याआधी कायदा काय देतो ते नीट समजून घ्यायला हवं.

हा कायदा म्हणजे चाइल्ड सिटिझनशिप अॅक्ट २०००. तो २७ फेब्रुवारी २००१ पासून लागू झाला. मूल १८ वर्षांखालचं असावं. आई-वडिलांपैकी किमान एक जण अमेरिकन नागरिक असावा, मग तो जन्मानं असो की शपथ घेऊन झालेला. मुलाकडे ग्रीन कार्ड असावं. आणि मूल अमेरिकेत त्या नागरिक पालकाच्या कायदेशीर व प्रत्यक्ष ताब्यात राहत असावं. या सगळ्या गोष्टी अठराव्या वाढदिवसाच्या आत एकाच वेळी खऱ्या ठरल्या की त्या क्षणी मूल नागरिक होतं. क्रम कोणताही चालतो. आधी मुलाला ग्रीन कार्ड आणि मग पालकाची शपथ, किंवा पालक आधीच नागरिक आणि मूल नंतर इमिग्रंट व्हिसावर अमेरिकेत उतरलेलं, दोन्ही चालतं. दुसऱ्या प्रकारात विमानतळावर कायम रहिवासी म्हणून प्रवेश मिळतो त्याच दिवशी मूल नागरिक होतं. मुलाला ना परीक्षा, ना मुलाखत, ना अर्ज.

घोळ कुठे होतो

सगळ्यात जास्त घात होतो तो तारखेनं. पालकाचा एन-४००, म्हणजे नागरिक होण्याचा अर्ज, मुलाच्या अठराव्या वाढदिवसाआधी भरलेला असून भागत नाही, मुलाखत पास होऊनही भागत नाही. शपथ त्या दिवसाआधी झालेली लागते. वाढदिवसाच्या दिवशी घेतलेली शपथसुद्धा उशिराचीच. ग्रीन कार्डाच्या रांगेत वय गोठवणारा २००२ चा चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन अॅक्ट इथे मदतीला येत नाही. तो ग्रीन कार्डापुरता आहे, नागरिकत्वाला त्याचा उपयोग नाही. कित्येक पालक या दोन्हींची सरमिसळ करतात.

हिशेब असा मांडा. पालकाच्या ग्रीन कार्डावरची ‘रेसिडेंट सिन्स’ तारीख १ जून २०२१ धरू. पाच वर्षं १ जून २०२६ ला भरतात, पण एन-४०० त्याच्या ९० दिवस आधी, म्हणजे मार्चच्या पहिल्या आठवड्यात भरता येतो. मुलाचा जन्म २० सप्टेंबर २००८ चा असेल तर शपथेसाठी शेवटचा दिवस १९ सप्टेंबर २०२६. हातात जेमतेम साडेसहा महिने. अशा घरात ९० दिवसांची ही सवलत दवडणं म्हणजे मुलाचं नागरिकत्व पणाला लावणं. एकाच पालकाची शपथ पुरते, म्हणून ज्याचा अर्ज सरळ जाईल त्यानं तो पहिल्याच दिवशी भरावा. एका पालकानं सलग सहा महिन्यांहून जास्त काळ भारतात काढला असेल तर त्याच्या सलग वास्तव्यावर प्रश्न उभा राहतो. त्याच्या फाइलवर विसंबू नका, दुसऱ्या पालकाची फाइल पुढे करा. मुलाखतीला जाताना मुलाचा जन्मदाखला सोबत ठेवा आणि लवकरच्या शपथेची विनंती लेखी द्या. सबळ कारण असेल तर लवकर शपथ देण्याची तरतूद नियमांत आहे, काही कार्यालयं त्याच दिवशी शपथही देतात. मात्र हमी कोणी देत नाही.

दुसरा घोळ ‘राहत असावं’ या अटीचा. मूल दोन वर्षं आजी-आजोबांकडे राहून भारतात शिकतंय, ग्रीन कार्ड अजून वैध आहे आणि इकडे आईनं शपथ घेतली. कार्ड खरं, पालक नागरिक, वयही बसतंय, पण मूल अमेरिकेत पालकाच्या ताब्यात राहत नाही. म्हणून त्या दिवशी नागरिकत्व लागू होत नाही. मूल अठराच्या आत परत येऊन खरोखर राहायला लागलं तर लागू होऊ शकतं, पण मधल्या काळात ग्रीन कार्डाचं वास्तव्य सोडून दिलं का, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. सुट्टीसाठी महिना-दीड महिना भारतात जाणं वेगळं, त्यानं काही बिघडत नाही.

तिसरा घोळ सावत्र मुलांचा. सावत्र आई किंवा वडिलांच्या अर्जावर मुलाला ग्रीन कार्ड मिळू शकतं, पण त्यांच्या नागरिकत्वामुळे मूल नागरिक होत नाही. त्यासाठी रीतसर दत्तक घ्यावं लागतं. तेही सर्वसाधारणपणे मूल सोळा वर्षांचं होण्याआधी, शिवाय दोन वर्षांचा कायदेशीर ताबा आणि एकत्र वास्तव्य दाखवून. घटस्फोट झालेला असेल तर कोर्टाच्या आदेशाची प्रत लागते. संयुक्त ताबा चालतो, पण मूल नागरिक पालकाकडे खरोखर राहतं हे शाळेच्या नोंदींवरून आणि टॅक्स रिटर्नवरून दिसायला हवं. आई-वडिलांचं लग्न झालेलं नसेल आणि नागरिकत्व वडिलांकडून यायचं असेल तर मुलाला औरसत्व मिळालंय का हेही पाहिलं जातं. अशा फाइलला वकील लावाच.

आणि एच-४ वरची, म्हणजे पालकाच्या तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर अवलंबून आलेली मुलं. त्यांच्यासाठी यातलं काहीच लागू नाही. ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत हा कायदा त्यांना ओळखत नाही, अमेरिकेत दहा वर्षं राहिली असली तरी.

पासपोर्ट: स्वस्त, लवकर आणि बहुतेकांना पुरेसा

अटी पूर्ण झाल्या असतील तर पहिला कागद पासपोर्टचाच काढा, हे आमचं स्पष्ट मत. सोळा वर्षांखालच्या मुलाला स्टेट डिपार्टमेंटची फी १०० डॉलर आणि अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राची ३५ डॉलर. सोळा पूर्ण झाली असतील तर १३० आणि ३५. घाई असेल तर वर ६० डॉलर. यूएससीआयएसला महिने लागतात तिथे पासपोर्ट काही आठवड्यांत येतो. मुदतीच्या आत असलेल्या पासपोर्टला नागरिकत्वाचा पुरावा म्हणून सर्टिफिकेटइतकंच वजन कायद्यानंच दिलेलं आहे.

अर्ज डीएस-११. तो भरून न्यायचा, पण सही केंद्रावर कर्मचाऱ्यासमोरच करायची. घरून सही करून नेली तर नवा फॉर्म भरावा लागतो. सोळाच्या आतल्या मुलासोबत दोन्ही पालक हजर हवेत. एकाला जमत नसेल तर त्याचा नोटरी केलेला डीएस-३०५३ हा संमतीचा फॉर्म आणि ओळखपत्राची प्रत लागते. फोटो दोन इंच बाय दोन इंच, चष्म्याशिवाय. फी दोन वेगवेगळ्या ठिकाणी जाते: १०० डॉलरचा चेक किंवा मनी ऑर्डर स्टेट डिपार्टमेंटच्या नावे आणि ३५ डॉलर पोस्ट ऑफिस, काउंटी क्लार्क किंवा लायब्ररी, जिथे अर्ज देता त्या केंद्राला. दोन्ही एकाच चेकमध्ये लिहिले की अर्ज तिथेच अडतो.

सोबत द्यायचं ते असं: मुलाचा जन्मदाखला, पालकाचं मूळ नॅचरलायझेशन सर्टिफिकेट (शपथेनंतर मिळालेलं), मुलाचं ग्रीन कार्ड, आई-वडिलांचा विवाह दाखला. मूळ कागद आणि प्रत्येकाची फोटोकॉपी. मूळ कागद टपालानं परत येतात, पण पासपोर्टपासून वेगळ्या पाकिटात आणि कधी वेगळ्या दिवशी. पासपोर्ट आला आणि सर्टिफिकेट आलं नाही म्हणून लगेच घाबरू नका. नॅचरलायझेशन सर्टिफिकेटवर त्याची नक्कल करणं गुन्हा असल्याची ओळ छापलेली असते. ती वाचून बरेच जण फोटोकॉपी काढतच नाहीत. ती ओळ बेकायदा वापरासाठी आहे, सरकारी अर्जासोबत द्यायला प्रत काढायला काहीच हरकत नाही. पालकाचा आणि मुलाचा अर्ज एकाच दिवशी, एकाच केंद्रावर द्या, म्हणजे मूळ सर्टिफिकेट पुन्हा पुन्हा पाठवायची वेळ येत नाही. ग्रीन कार्ड पाठवण्याआधी दोन्ही बाजूंची स्वच्छ प्रत काढून ठेवा.

मराठी घरांत अडकतं ते जन्मदाखल्यावर, आणि याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं. बारसं व्हायच्या आधी जन्म नोंदवलेला असतो, त्यामुळे जुन्या दाखल्यात बाळाच्या नावाचा रकाना रिकामा असतो. तो दाखला अमेरिकेत कोणाचाच नाही असं धरतात. नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नाव नोंदवून नवा दाखला काढा आणि हे काम भारतात जाणारं कोणी असताना आधीच उरकून घ्या. दाखल्यावर आईचं माहेरचं नाव आणि नॅचरलायझेशन सर्टिफिकेटवर सासरचं, हा दुसरा नेहमीचा प्रकार. इथे दोन नावांना जोडणारा कागद म्हणजे विवाह दाखला. तो आळंदीच्या मंगल कार्यालयाचा छापील कागद नको, विवाह निबंधकाचा हवा. तिसरा प्रकार मधल्या नावाचा. मुलाच्या ग्रीन कार्डावर वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून आलेलं असतं, दाखल्यावर मात्र फक्त पहिलं नाव आणि वडिलांच्या रकान्यात पूर्ण नाव. हे सहसा खपतं, कारण नातं दाखल्यावरच दिसतं. पण डीएस-११ वर ग्रीन कार्डावरचंच नाव जसंच्या तसं लिहा, स्पेलिंग सुधारायची ही जागा नव्हे. दाखला फक्त मराठीत असेल तर पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं. त्याखाली भाषांतर पूर्ण व अचूक असल्याचं आणि आपण दोन्ही भाषा जाणत असल्याचं भाषांतरकारानं सहीनिशी लिहिलेलं हवं. जन्मच नोंदवलेला नसेल तर स्थानिक कार्यालयाचा ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला आणि त्याला जोडून प्रतिज्ञापत्रं, शाळा सोडल्याचा दाखला असे पूरक पुरावे.

या सेवेतली उणीव एकच, पण खरी. सोळाच्या आत काढलेला पासपोर्ट पाचच वर्षं चालतो, त्यानंतरचा दहा. मुदत संपली की पुराव्याचं वजन कमी होतं. हरवला आणि हाताशी दुसरं काही नसेल तर पालकांच्या कागदांपासून पुन्हा सुरुवात करावी लागू शकते. यावर स्वस्त उपाय म्हणजे पुस्तिकेसोबतच पासपोर्ट कार्ड मागवणं: सोळाच्या आतल्यांना १५ डॉलर जास्त, मोठ्यांना ३०. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाला ते चालत नाही, पण नागरिकत्वाचा पुरावा म्हणून आणि देशांतर्गत विमानासाठी चालतं. एक हरवलं तर दुसरं असतं.

एन-६००: महाग, संथ, पण कायमचा

सर्टिफिकेटला मुदत नसते. त्यावर नागरिकत्व लागू झाल्याची मूळ तारीख असते, अर्जाची किंवा मंजुरीची नव्हे. शिवाय यूएससीआयएसच्या नोंदीत मूल कायम रहिवाशाचं नागरिक होतं. पासपोर्ट देणारं स्टेट डिपार्टमेंट वेगळं खातं आहे, तिथून पासपोर्ट निघाला म्हणून इमिग्रेशनच्या फाइलमधली नोंद आपोआप बदलेल असं धरून चालू नका. १,३३५ डॉलरची खरी किंमत याच फरकाची आहे.

अर्ज पालक भरू शकतो. पण फॉर्ममध्ये ‘तुमची माहिती’ म्हणजे मुलाची माहिती, इथे पालक सर्रास स्वतःची जन्मतारीख घालतात. पालक अमेरिकेत प्रत्यक्ष किती दिवस होता हा भाग ज्यांचं नागरिकत्व जन्मापासूनचं आहे त्यांच्यासाठी आहे. शपथ घेऊन नागरिक झालेल्या पालकाच्या मुलाला तो लागू नाही, त्यासाठी जुन्या प्रवासाच्या तारखा उकरत बसू नका. अर्जासोबत मूळ कागद पाठवायचे नाहीत, प्रती जोडायच्या आणि मुलाखतीला बोलावलं तर मूळ कागद न्यायचे. फाइल स्वच्छ असेल तर मुलाखत टळतेही. चौदा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला सर्टिफिकेट घेताना शपथ घ्यावी लागते, त्याहून लहानांना सहसा माफ असते. ग्रीन कार्ड त्या वेळी परत द्यायचं. कागद हातात पडल्यावर तिथेच नाव, जन्मतारीख, स्पेलिंग तपासा. चूक खात्याची असेल तर दुरुस्ती विनामूल्य होते. नंतर हरवलं किंवा खराब झालं तर एन-५६५ भरून नवं काढायला ५०५ ते ५५५ डॉलर जातात.

एक गोष्ट या सेवेत फार महत्त्वाची आहे: एन-६०० एकदाच. नाकारला गेला आणि अपिलाची मुदत गेली, की त्याच मुलासाठी दुसरा एन-६०० घेतच नाहीत. मग फाइल पुन्हा उघडण्याचा अर्ज करावा लागतो. म्हणून अर्धवट फाइल ‘बघू काय होतंय’ म्हणून पाठवू नका. ताब्याचा आदेश, नाव असलेला जन्मदाखला, आधीच्या लग्नांचे घटस्फोटाचे निकाल हे सगळं हातात आल्यावरच अर्ज करा. या अर्जाला वयाची अट नाही. मूल अठराच्या आत नागरिक झालेलं असलं की चाळिसाव्या वर्षीही सर्टिफिकेट मागता येतं, त्यामुळे घाईनं अर्ज बिघडवण्यात अर्थ नाही. उत्पन्न कमी असेल तर आय-९१२ भरून फी माफीही मागता येते.

मग कोणी घ्यावा? घटस्फोट, दत्तक, एकाच पालकाकडून आलेलं नागरिकत्व, किंवा अठराव्या वाढदिवसाच्या अगदी तोंडावर झालेली शपथ अशी ज्यांची गुंतागुंत आहे त्यांनी घ्यावाच. पालक आणि त्यांचे कागद दोन्ही हाताशी असताना ती गुंतागुंत एकदाची सोडवून ठेवणं या पैशांना नक्की मोलाचं आहे. दोन्ही पालक एकत्र, दोघांनीही शपथ घेतलेली आणि सगळे मूळ कागद घरात असतील तर पासपोर्ट आणि पासपोर्ट कार्ड एवढ्यावर भागतं. एन-६०० पुढे पैसे साठले की पाहता येईल. काही दत्तक मुलांना तर तो भरावाच लागत नाही. दत्तक परदेशातच पूर्ण होऊन आयआर-३ किंवा आयएच-३ व्हिसावर आलेल्या चौदाखालच्या मुलांना सर्टिफिकेट आपोआप पाठवलं जातं.

मूल अमेरिकेबाहेरच राहतंय आणि पालक नागरिक आहे, अशांसाठी एन-६००के हा वेगळा अर्ज आहे. फी तेवढीच. त्यात पालकाचं अमेरिकेत पाच वर्षांचं प्रत्यक्ष वास्तव्य लागतं आणि त्यातली किमान दोन वर्षं पालकाच्या चौदाव्या वर्षानंतरची हवीत. ते भरत नसेल तर नागरिक असलेल्या आजी किंवा आजोबांचं वास्तव्य चालतं. मुलाला कायदेशीर व्हिसावर अमेरिकेत येऊन अठराच्या आत सगळं पूर्ण करावं लागतं, शपथ लागू असेल तर तीसुद्धा.

कागद आल्यानंतर

सोशल सिक्युरिटी कार्यालयात मुलाची नोंद बदलून घ्या. अर्ज एसएस-५, सोबत मूळ पासपोर्ट किंवा सर्टिफिकेट, फी नाही. हे काम सगळे विसरतात आणि ते आठवतं कॉलेजच्या आर्थिक मदतीचा फॅफ्सा भरताना. नागरिकत्वाची पडताळणी सोशल सिक्युरिटीच्या नोंदीशी होते, तिथे मूल अजून परदेशी दिसलं की फाइल अडते आणि कॉलेज कागद मागत बसतं.

भारताच्या बाजूनं, १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. मुलाचा भारतीय पासपोर्ट प्रवासाला वापरायचा नाही, तो रीतसर सरेंडर करून मग ओसीआयचा, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीच्या कार्डाचा, अर्ज करायचा. अमेरिकन नागरिकानं अमेरिकेतून बाहेर जाताना आणि परत येताना अमेरिकन पासपोर्टच वापरावा असा तिकडचा नियम आहे. म्हणजे शपथेच्या पुढच्याच आठवड्यात भारताची तिकिटं काढली असतील तर मुलाकडे वापरण्याजोगा एकही पासपोर्ट नसतो. तिकिटं पासपोर्ट आल्यावरच काढा.

आता अठरा ओलांडलेली मुलं. अठराच्या आत अटी पूर्ण झाल्या होत्या हे घरात कोणाच्या लक्षातच आलं नाही आणि मुलानं पुढे स्वतः एन-४०० भरला, असं होतं. तो अर्ज नाकारला जातो, कारण जो आधीच नागरिक आहे त्याला पुन्हा नागरिक करता येत नाही, आणि ७१० किंवा ७६० डॉलर जातात ते जातातच. उलट बाजूची चूक याहून फार महाग पडते. पालकाची शपथ वाढदिवसानंतर झाली आहे, तरी मूल स्वतःला नागरिक समजून मतदार नोंदणी करतं किंवा नोकरीच्या आय-९ फॉर्मवर नागरिक या चौकटीत खूण करतं. नागरिकत्वाचा खोटा दावा इमिग्रेशन कायद्यात अतिशय गंभीर धरला जातो, ग्रीन कार्डही धोक्यात येऊ शकतं. अशा मुलांनी अठरा झाल्यावर आणि स्वतःची पाच वर्षं भरल्यावर एन-४०० भरायचा. तोपर्यंत ते कायम रहिवासीच. २७ फेब्रुवारी २००१ ला जे आधीच अठरा वर्षांचे झाले होते त्यांना जुना कायदा लागू होतो. त्यात बहुतेक वेळा दोन्ही पालकांची शपथ लागायची. पालकांचे कागद सापडत नसतील तर यूएससीआयएसकडे माहिती अधिकाराच्या विनंतीनं, म्हणजे फोइयानं, जुन्या फाइलची प्रत ऑनलाइन मागवता येते. शपथेची आणि ग्रीन कार्डाची नेमकी तारीख तिथे सापडते. त्या दोन तारखा आणि मुलाची जन्मतारीख शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय कुठलाही फॉर्म उघडू नका.